पहिल्या अभ्यासात सापडलेलं दुसऱ्यात टिकलं का? मोठ्या जैविक अभ्यासांचा पडताळा कसा घ्यायचा

वीस हजार जनुकं तपासली, त्यातली चाळीस निवडली, नव्या लोकांच्या नमुन्यांवर ती पुन्हा मोजली. आता दुसऱ्या अभ्यासाची फाइल उघडून बसलाय आणि एका जनुकापुढे पी-व्हॅल्यू दिसतेय ०.०३. हे जनुक टिकलं म्हणायचं का?

नव्याने या कामात आलेला जवळजवळ प्रत्येक जण "टिकलं" म्हणतो. ०.०३ हे ०.०५ पेक्षा कमी, विषय संपला. मीही कित्येक महिने असंच म्हणायचो. हे उत्तर नेहमी चुकीचंच असतं असं नाही, पण ते भलत्याच प्रश्नाचं उत्तर आहे. योग्य प्रश्न कुठला आणि तो कसा सोडवायचा, ते पायरीपायरीने पाहू. पी-व्हॅल्यू आणि स्टँडर्ड एरर म्हणजे काय एवढं माहीत असलं की पुरे. गणित गुणाकार-भागाकाराच्या पलीकडे फारसं जात नाही.

आधी शब्दांचा घोळ मिटवू. 'रेप्लिकेशन' म्हटलं की जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला डीएनएची प्रत बनणं आठवतं, म्हणून मी सरळ 'पडताळा' म्हणतो. जुनाच डेटा आणि जुनाच कोड घेऊन तेच आकडे येतात का हे बघणं म्हणजे पुनर्गणना. नव्या नमुन्यांवर, नव्याने मोजून तेच निघतं का हे बघणं म्हणजे पडताळा. अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीजनी २०१९ च्या अहवालात हाच फरक केला आहे. इथे आपण फक्त दुसऱ्याबद्दल बोलतोय.

एवढी काळजी कशाला?

वीस हजार जनुकांपैकी एकाचाही रोगाशी संबंध नसला, तरी ०.०५ ची चाळणी लावल्यावर सुमारे हजार जनुकं 'सापडतात'. जीनोमभर शोध घेणाऱ्या अभ्यासांत, म्हणजे जीवासमध्ये, साधारण दहा लाख स्वतंत्र चाचण्या धरतात. म्हणून तिथला उंबरठा ०.०५ भागिले दहा लाख, म्हणजे दोन कोटींत एक, इतका कडक झाला.

तो कडक होण्याआधीचा काळ फार बोलका आहे. २००२ मध्ये एका आढाव्याने जनुकं आणि रोग यांच्यातले सहाशेहून जास्त प्रकाशित संबंध गोळा केले. त्यांतले १६६ तीन किंवा अधिक वेळा अभ्यासले गेले होते, आणि सातत्याने टिकले होते फक्त ६.

उलट २००५ मध्ये, वयाबरोबर दृष्टिपटल झिजण्याच्या रोगाचा सीएफएच जनुकाशी संबंध अवघ्या ९६ रुग्णांत आणि ५० निरोगी लोकांत सापडला आणि पुढे पुन्हा पुन्हा टिकला. तिथे परिणामच दांडगा होता. अशी नशिबं क्वचित. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला बारीक परिणाम येतात आणि तिथे हिशेब नीट ठेवावाच लागतो.

पायरी १: फाइल उघडण्याआधी दावा लिहा

दुसऱ्या अभ्यासाचे निकाल बघण्याआधी एका कागदावर चार गोष्टी लिहा आणि तारीख घाला. किती जनुकं किंवा जनुकस्थानं पुढे नेली, आणि कुठल्या नियमाने निवडली. प्रत्येकाची दिशा काय, रोग्यांत वाढलेलं की घटलेलं. 'टिकलं' म्हणण्याची अट काय. आणि मोजमाप व रोगाची व्याख्या तीच आहे का.

शेवटचा मुद्दा किरकोळ वाटतो, पण बहुतेक वाद तिथेच होतात. पहिल्या अभ्यासात 'मधुमेह' डॉक्टरी निदानावरून ठरला आणि दुसऱ्यात लोकांनी स्वतः सांगितल्यावरून, तर तो पडताळा अर्धाच. २००७ मध्ये अमेरिकेतल्या राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि राष्ट्रीय जीनोम संशोधन संस्था यांच्या एका कार्यगटाने जनुकसंबंधांच्या पडताळ्याचे निकष मांडले. तोच जनुकबदल किंवा त्याच्याशी घट्ट जोडलेला, तोच रोग, तीच दिशा, मिळताजुळता लोकसमूह, स्वतंत्र डेटा, पुरेशी संख्या. आजही माझी यादी तिथूनच सुरू होते.

यातला 'किती पुढे नेली' हा आकडा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात आधी हरवणारा. चाळीस नेली, बारा चांगली दिसली, लेखात बाराच आली, आणि वाचणाऱ्याला वाटलं बारापैकी बारा टिकली. मागचे अठ्ठावीस गेले कुठे, हे विचारायचीही सोय राहत नाही.

पायरी २: दोन्ही अभ्यास खरंच वेगळे आहेत का, आणि एकच भाषा बोलतात का

वेगळेपण आधी तपासा. दोन्ही संचांत तेच लोक किंवा त्यांचे जवळचे नातेवाईक असले, तर तो पडताळा नव्हे, प्रतिध्वनी. मोठ्या बायोबँकांतून, म्हणजे लोकांचे जैविक नमुने जपणाऱ्या साठ्यांतून, नमुने घेणाऱ्या गटांमध्ये हे सहज होतं. जनुकीय माहितीवरून जुळणाऱ्या जोड्या शोधता येतात. ती तपासणी टाळू नका.

दुसरं, तांत्रिक चूक दोन्हीकडे एकसारखी शिरली असेल तर तीही 'टिकते'. २०१० मध्ये शंभरी ओलांडलेल्या लोकांच्या जनुकीय खुणांवरचा एक गाजलेला शोधनिबंध 'सायन्स' या नियतकालिकात आला आणि २०११ मध्ये मागे घ्यावा लागला. दीर्घायुषी लोकांच्या काही नमुन्यांसाठी वापरलेल्या जनुकीय चिपमधल्या चुकांनी निकालात घोळ केला होता. यातून एक साधी सवय लावून घ्या: रोगी आणि निरोगी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या चिपवर किंवा वेगवेगळ्या प्रयोगशाळेत मोजले गेलेत का, हे दोन्ही अभ्यासांबद्दल विचारायचं. उत्तर 'हो' असेल तर पुढचं सगळं गणित बाजूला ठेवा. बॅचचा (एकत्र मोजलेल्या नमुन्यांच्या गटाचा) परिणाम आणि रोगाचा परिणाम एकमेकांत पूर्ण मिसळले, तर कुठलीही आकडेमोड ते वेगळे करू शकत नाही.

भाषेचा मुद्दा मी फजिती करून शिकलो. माझ्या पहिल्याच फॉलो-अपमध्ये निम्म्या जनुकस्थानांची दिशा उलटी निघाली. दोन दिवस मी त्याची जैविक कारणं शोधत होतो. मांडण्यासाठी एक झकास उपपत्तीही तयार झाली होती. मग सहकाऱ्याने विचारलं, "परिणाम कुठल्या अक्षराचा मोजलाय, ते बघितलंस का?" एका फाइलीत 'ए' या डीएनएतल्या अक्षराचा परिणाम लिहिला होता, दुसरीत त्याच जागेवरच्या 'जी' चा. चिन्हं फिरवली आणि दिशा जुळल्या. उपपत्ती कचऱ्यात.

ए-टी आणि सी-जी अशा जोड्यांची स्थानं तर आणखी फसवी. डीएनएच्या समोरच्या धाग्यावर वाचलं तरी अक्षरं तीच दिसतात. तिथे अक्षराची लोकसमूहातली वारंवारता जुळवून बघायची. ती ५० टक्क्यांच्या आसपास असेल तर ते स्थान सरळ सोडून द्यायचं.

पायरी ३: दुसऱ्या अभ्यासाला दिसणार तरी होतं का?

'टिकलं नाही' हा निकाल देण्याआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. अंधारात घड्याळ दिसलं नाही म्हणून ते हरवलं असं कोणी म्हणत नाही.

एक उदाहरण घेऊ. पहिल्या अभ्यासात परिणाम ०.२०, स्टँडर्ड एरर ०.०३५. भागाकार ५.७, म्हणजे दणदणीत. दुसरा अभ्यास लहान आहे, तिथला स्टँडर्ड एरर ०.०५. चाळीस जनुकं पुढे नेली म्हणून बोनफेरोनीच्या हिशेबाने (०.०५ ला चाचण्यांच्या संख्येने भागायचं) उंबरठा ०.०५ भागिले ४०, म्हणजे ०.००१२५. तो ओलांडायला भागाकार सुमारे ३.२३ लागतो. परिणाम खरंच ०.२० असेल तर दुसऱ्या अभ्यासात सरासरी भागाकार येईल ४, आणि उंबरठा ओलांडण्याची शक्यता, म्हणजे पॉवर, सुमारे ७८ टक्के. बरी आहे.

पण परिणाम खरंच ०.२० आहे का? बहुधा नाही. वीस हजारांतून वरची चाळीस निवडली, म्हणजे ज्यांच्या बाजूने योगायोगही झुकला होता तीच निवडली. याला विनर्स कर्स म्हणतात: निवडून आलेल्याचा आकडा फुगलेला असतो. खरा परिणाम ०.१४ निघाला, तर तीच पॉवर ७८ वरून ३३ टक्क्यांवर येते. म्हणजे खरं असूनही तीनातली दोन जनुकं 'नापास'. म्हणून पॉवर काढताना पहिल्या अभ्यासाचा कच्चा आकडा घालू नका. निवडीचा उंबरठा लक्षात घेऊन तो खाली आणण्याच्या पद्धती आहेत, त्या वापरा. निदान एक सौम्य आणि एक कडक असा दोन आकड्यांवर हिशेब करून बघा.

फुगवटा किती असू शकतो, याची कल्पना कर्करोगाच्या प्रयोगशाळेतल्या संशोधनाच्या पडताळा-प्रकल्पातून येते. तो २०२१ मध्ये संपला. तिथे २३ शोधनिबंधांतले ५० प्रयोग पुन्हा केले गेले, आणि परिणामांचा आकार मूळच्यापेक्षा मध्यकाने ८५ टक्के लहान निघाला. ते प्रयोग जीवासच्या जातीचे नव्हते, पण निवड करून छापलेला आकडा फुगतो, हे सगळीकडे सारखंच.

सगळ्या जनुकांची पॉवर मिळवली की किती टिकायला हवीत याचा अंदाज मिळतो. चाळीस जनुकांच्या पॉवरची बेरीज ११ आली आणि १० टिकली, तर पहिला अभ्यास चांगला होता. बेरीज ३० आली आणि १० टिकली, तर काहीतरी बिघडलंय. 'चाळीसपैकी दहा' हा नुसता आकडा यातलं काहीच सांगत नाही.

पायरी ४: आर-व्हॅल्यू

आता मूळ प्रश्न. पडताळ्याचा दावा असा असतो: हे जनुक दोन्ही अभ्यासांत खरं आहे. म्हणजे खोडून काढायचं गृहीतक 'दोन्हीकडे काही नाही' असं नसून 'निदान एकीकडे तरी काही नाही' असं आहे. हा फरक एकदा डोक्यात बसला की अर्धं काम झालं. दुसऱ्या अभ्यासातल्या एकट्या पी-व्हॅल्यूला या दाव्याबद्दल बोलण्याचा अधिकारच नाही, कारण तिला पहिल्या अभ्यासाबद्दल काहीच माहीत नाही.

रूथ हेलर, मरिना बोगोमोलोव आणि योआव बेंजामिनी यांनी २०१४ मध्ये यासाठी आर-व्हॅल्यू मांडली. (सहसंबंधाच्या 'आर'शी तिचं काही नातं नाही. नाव जरा दुर्दैवी आहे.) एखाद्या जनुकाची आर-व्हॅल्यू ०.०२ म्हणजे काय? 'टिकलेल्यां'च्या यादीत खोट्या दाव्यांचं अपेक्षित प्रमाण, म्हणजे एफडीआर, २ टक्क्यांपर्यंत ठेवूनही हे जनुक यादीत बसतं. हे बेंजामिनी तेच, ज्यांनी होखबर्ग यांच्यासोबत १९९५ मध्ये एफडीआरची पद्धत दिली. त्यामुळे दोन्हींची घडण सारखीच आहे.

हाताने करून बघू. पहिल्या अभ्यासात २०,००० जनुकं, पुढे नेली ४०. प्रत्येक जनुकासाठी दोन आकडे काढायचे:

पहिला = पहिल्या अभ्यासाची पी-व्हॅल्यू × २०,००० × २
दुसरा = दुसऱ्या अभ्यासाची पी-व्हॅल्यू × ४० × २

दोनाने गुणायचं कारण, चुकीची मुभा दोन अभ्यासांत निम्मी निम्मी वाटली आहे. या दोनांतला मोठा आकडा घ्यायचा. जिथे पुरावा कच्चा, तिथलंच मत चालणार. पाच जनुकं घेऊ. पाचांचीही दिशा दोन्हीकडे सारखी आहे.

जनुक 'क': पहिल्यात पी १ अब्जात १, दुसऱ्यात ०.०००२. आकडे ०.००००४ आणि ०.०१६. मोठा ०.०१६.
जनुक 'ख': पहिल्यात ५ कोटींत १, दुसऱ्यात ०.०००६. आकडे ०.०००८ आणि ०.०४८. मोठा ०.०४८.
जनुक 'ग': पहिल्यात १ कोटीत १५, दुसऱ्यात ०.००००१. आकडे ०.०६ आणि ०.०००८. मोठा ०.०६.
जनुक 'घ': पहिल्यात १ कोटीत १, दुसऱ्यात ०.०३. आकडे ०.००४ आणि २.४. मोठा २.४.
जनुक 'च': पहिल्यात १ लाखात २, दुसऱ्यात ०.००१. आकडे ०.८ आणि ०.०८. मोठा ०.८.

बाकीची ३५ इतकी मागे आहेत की या पाचांच्या हिशेबावर त्यांचा परिणाम होत नाही, असं धरू. आता मोठे आकडे लहानाकडून मोठ्याकडे लावा आणि प्रत्येकाला त्याच्या क्रमांकाने भागा. 'क' ०.०१६ भागिले १, म्हणजे ०.०१६. 'ख' ०.०४८ भागिले २, म्हणजे ०.०२४. 'ग' ०.०६ भागिले ३, म्हणजे ०.०२. 'च' ०.८ भागिले ४, म्हणजे ०.२. 'घ' २.४ भागिले ५, म्हणजे ०.४८. शेवटची पायरी: तळापासून वर या, आणि खालचा आकडा वरच्यापेक्षा लहान असेल तर तो वर उचला. इथे 'ग' चा ०.०२ 'ख' लाही मिळतो. झाल्या आर-व्हॅल्यू.

०.०५ ची रेघ मारली तर क, ख, ग टिकली. सुरुवातीला विचारलेलं ०.०३ वालं जनुक 'घ' होतं. त्याची आर-व्हॅल्यू ०.४८, आसपासही नाही. चाळीस चिठ्ठ्या उचलल्यावर एखादी ०.०३ निघण्यात नवल काय?

'च' मात्र विचार करायला लावतं. दुसऱ्या अभ्यासात त्याची पी-व्हॅल्यू ०.००१, म्हणजे आधी काढलेल्या ०.००१२५ च्या बोनफेरोनी उंबरठ्याच्या आत. दुसऱ्या अभ्यासापुरतं ते खरं म्हणायला हरकत नाही. पण 'दोन्हीकडे खरं' म्हणताना वीस हजारांच्या गर्दीतल्या पहिल्या पुराव्याचा कच्चेपणा आडवा येतो.

एक खाचखळगा. मूळ पद्धतीत आणखी एक अंदाज घालता येतो: दोन्ही अभ्यासांत काहीच नसलेली जनुकं निदान किती टक्के असतील. मी वर तो शून्य धरला, म्हणजे सगळ्यात कडक. जीनोमभरच्या अभ्यासांसाठी लेखकांनी ८० टक्के सुचवले आहेत, आणि तिथे ते रास्त आहे. बहुतेक जनुकस्थानांचा दिलेल्या रोगाशी काही संबंध नसतोच. ८० टक्के धरून पुन्हा हिशेब केला, तर पहिल्या अभ्यासाची अट सैल होते आणि 'च' ची आर-व्हॅल्यू ०.२ वरून सुमारे ०.०४३ वर येते. नापास जनुक पास! म्हणून हा आकडा पायरी १ च्या कागदावरच असायला हवा. निकाल बघून मग तो ठरवणारे लोक मी पाहिलेत, आणि प्रत्येक वेळी तो आकडा त्यांच्याच सोयीचा निघतो.

दिशा उलटी असेल तर पी-व्हॅल्यू कितीही लहान असो, टिकलं म्हणू नका. तशी भक्कम उलटी दिशा दिसली की मी पुन्हा पायरी २ ला जातो, आणि बहुतेक वेळा अक्षरांचाच घोळ सापडतो.

पायरी ५: हो-नाहीच्या पलीकडे, परिणामाचा आकार

वरच्याच आकड्यांनी बघा: पहिल्यात ०.२०, स्टँडर्ड एरर ०.०३५, दुसऱ्यात स्टँडर्ड एरर ०.०५. दुसऱ्या अभ्यासात आकडा कुठे पडायला हवा? दोन्ही स्टँडर्ड एररच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढा, ०.०६१ येतं. त्याला १.९६ ने गुणा, ०.१२. म्हणजे अपेक्षित पट्टा ०.०८ ते ०.३२.

समजा दुसऱ्यात ०.०९ आला. पी-व्हॅल्यू सुमारे ०.०७, म्हणून तो 'नापास'. पण पट्ट्याच्या आत आहे! दोन अभ्यासांत विरोध नाही, फक्त दुसरा अशक्त आहे. मानसशास्त्रातल्या १०० अभ्यासांच्या २०१५ च्या प्रसिद्ध पडताळ्यात फक्त ३६ टक्के निकाल पुन्हा सार्थक (पी ०.०५ च्या आत) ठरले होते. दुसऱ्या एका गटाने २०१६ मध्ये असाच पट्टा लावून बघितला, तर ७७ टक्के निकाल त्यात बसत होते.

मात्र या पट्ट्यावर भाळू नका. दुसऱ्या अभ्यासाचा स्टँडर्ड एरर ०.१५ असता, तर पट्टा उणे ०.१० ते ०.५० इतका ऐसपैस झाला असता. त्यात शून्यही बसतं आणि दुप्पटही. अभ्यास जितका ढिसाळ तितकं त्यात बसणं सोपं. म्हणून माझा नियम: पट्ट्यात शून्य येत असेल तर 'जुळतं' हा शब्द वापरायचा नाही, 'सांगता येत नाही' म्हणायचं.

पायरी ६: एकेक सोडून पूर्ण गटाकडे बघा

दुसरा अभ्यास लहान असेल तर एकेका जनुकावर निकाल देता येत नाही, पण सगळ्या गटाबद्दल बरंच कळतं. दोन सोप्या वाटा आहेत.

पहिली, दिशांची मोजणी. चाळीसपैकी ३१ जनुकांची दिशा जुळली, समजा. काहीच खरं नसतं तर नाणेफेकीप्रमाणे वीसच्या आसपास जुळली असती. ३१ किंवा जास्त जुळण्याची शक्यता हजारात एकाहूनही कमी. अट एवढीच, की चाळीस जनुकं एकमेकांपासून बऱ्यापैकी स्वतंत्र हवीत. एकाच झुंडीने वाढणारी-घटणारी दहा जनुकं ही दहा मतं नसतात, एकच मत दहा तोंडांनी बोलतं.

दुसरी वाट संख्याशास्त्रज्ञ जॉन स्टोरी यांच्या पद्धतीची. जी जनुकं खोटी, त्यांच्या पी-व्हॅल्यू ० ते १ मध्ये सपाट पसरतात. म्हणून ०.५ च्या वर पडलेल्या मोजा. समजा ८ आहेत. खोट्यांपैकी निम्मी तिथे असणार, म्हणजे एकूण खोटी सुमारे १६, आणि खरी २४. खऱ्यांच्या या प्रमाणाला पाय-वन म्हणतात, इथे ०.६. जनुकांच्या अभिव्यक्तीवर परिणाम करणाऱ्या जनुकस्थानांच्या अभ्यासांत हा आकडा सर्रास दिलेला असतो.

आता दोन्ही वाटा जुळवून बघा. २४ खरी जनुकं दिशा राखणार, उरलेल्या १६ पैकी निम्मी योगायोगाने जुळणार, बेरीज ३२. दिसली ३१. छान जमलं. वर नाव घेऊन मात्र तीनच जनुकांची खात्री देता आली होती, हेही विसरू नका. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. चाळीस पी-व्हॅल्यूंवर काढलेला पाय-वन डळमळीत असतो, तेव्हा तो दोन दशांश स्थळांपर्यंत छापण्याचा मोह आवरा.

पायरी ७: दोनाहून अधिक अभ्यास

इथे सर्वांत मोठा सापळा म्हणजे मेटा-विश्लेषणाची, म्हणजे सगळे अभ्यास एकत्र करून काढलेली, पी-व्हॅल्यू. समान आकाराचे दोन अभ्यास घ्या. एकात भागाकार ७, दुसऱ्यात चक्क ०. एकत्र केल्यावर ७ भागिले २ चं वर्गमूळ, म्हणजे ४.९५. पी-व्हॅल्यू दहा लाखांत एकाहून कमी! आणि दुसऱ्या अभ्यासात तर काहीच नव्हतं. एकत्रित विश्लेषण 'कुठेतरी काहीतरी आहे' एवढंच सांगतं. नवे संबंध शोधायला ते उत्तम, तिथे दोन टप्पे वेगळे ठेवण्यापेक्षा एकत्र करणं जास्त ताकदीचं ठरतं. पण पडताळा म्हणून ते दाखवू नये.

त्याऐवजी 'निदान दोन अभ्यासांत खरं' हा दावा तपासा. सर्वांत लहान पी-व्हॅल्यू बाजूला ठेवा, उरलेल्यांतली सर्वांत लहान घ्या आणि उरलेल्यांच्या संख्येने गुणा. चार अभ्यासांत १ कोटीत १, ०.००४, ०.२ आणि ०.६ अशा असतील, तर ०.००४ × ३ = ०.०१२. पहिल्या अभ्यासाचा कितीही झगमगाट असो, त्याला इथे मत नाही. अनेक जनुकं असतील तर या नव्या पी-व्हॅल्यूंना नेहमीची एफडीआरची पद्धत लावायची.

एकाच प्रकारच्या पेशींचे दोन स्वतंत्र नमुने मोजून डीएनएवर प्रथिनं कुठे बसतात ते शोधणाऱ्या प्रयोगांसाठी आयडीआर नावाची वेगळी पद्धत आहे. ती २०११ मध्ये मांडली गेली आणि एन्कोड या जीनोमच्या कार्याचा नकाशा काढणाऱ्या प्रकल्पाने वापरली. ती दोन याद्यांमधल्या क्रमांकांची सुसंगती बघते. प्रश्न वेगळा आहे, म्हणून आर-व्हॅल्यूच्या जागी ती ठेवू नका.

वेगळ्या वंशाच्या लोकसमूहात पडताळा घेत असाल तर आणखी एक खबरदारी. पहिल्या समूहात जे स्थान सापडलं ते बहुधा खऱ्या कारणाचा शेजारी असतो, आणि ही शेजारजोडी समूहागणिक बदलते. वारंवारताही बदलते. तिथे तेच स्थान नापास झालं तर आसपासचा पट्टा तपासा. पण किती मोठा पट्टा, ते आधी लिहून ठेवा आणि त्यातल्या सगळ्या चाचण्या हिशेबात धरा.

पायरी ८: तक्ता

निकाल लिहिताना पुढे नेलेली चाळीसच्या चाळीस जनुकं तक्त्यात द्या. प्रत्येकापुढे दोन्ही अभ्यासांचा परिणाम आणि स्टँडर्ड एरर, दोन्ही पी-व्हॅल्यू, आर-व्हॅल्यू, आणि पायरी ३ मध्ये काढलेली पॉवर. शेवटच्या रकान्यात चारपैकी एक शेरा: 'टिकलं', 'दुसऱ्यात भक्कम पण पहिल्यात कच्चं', 'विरोधात गेलं' किंवा 'सांगता येत नाही'.

'विरोधात गेलं' हा शेरा राखून ठेवा. पॉवर भरपूर होती आणि दुसऱ्या अभ्यासाचा आकडा अपेक्षित पट्ट्याच्या खाली, शून्याजवळ किंवा पलीकडे पडला, तरच. 'घ' सारख्याला काय द्यायचं? दुसऱ्या अभ्यासात पी ०.०३, दिशा बरोबर, पॉवर एक तृतीयांश. मी 'सांगता येत नाही' लिहितो आणि पुढच्या, मोठ्या फॉलो-अपच्या यादीत त्याचं नाव सगळ्यात वर टाकतो.